शब्दांचा पारखी

इंग्रजी भाषेत समानार्थी भासणारे शब्द पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणता शब्द कोठे योजावा, हा प्रश्न विद्वानांनाही पडतो. त्याच्या उत्तरासाठी ज्यांनी आपले उत्तरायुष्य वेचले, त्या हेन्री वॉट्सन फाउलर यांचा जन्म १० मार्च १८५८ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज या गावी झाला.

ऑक्सफर्ड येथील शिक्षणानंतर त्यांनी सेडबर्गच्या शाळेत सतरा वर्षे अध्यापन केले. पुढे वसतिगृहप्रमुखाचे मानाचे पद मिळण्याची वेळ आली. परंतु त्या पदावरील शिक्षकाने विद्यार्थ्यांकडून धर्मदीक्षेची तयारी करून घ्यावी, अशी तेथील रीत होती. जे मनाला पटत नाही, ते मुखाने सांगणे फाउलर यांना रुचले नाही. १८९९ साली त्यांनी नोकरीच सोडली.

१९०३ साली ते गर्न्झी बेटावर धाकटे बंधू फ्रान्सिस यांच्याजवळ गेले. फ्रान्सिस तेथे टोमॅटोची लागवड करीत. १९०६ साली दोघांनी मिळून ‘द किंग्ज इंग्लिश’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांच्या आणि नामवंत लेखकांच्या भाषेतील दोष त्यांनी त्यात निर्भयपणे दाखविले. १९११ साली त्यांचा ‘कन्साइज ऑक्सफर्ड’ हा शब्दकोश बाहेर पडला.

१९१५ साली, महायुद्ध चालू असता, सत्तावन्न वर्षांचे फाउलर सैन्यात दाखल झाले. एकेका शब्दाचा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या या गृहस्थाने तेथे आपले वय मात्र चव्वेचाळीस सांगितले! फ्रान्सिसही सैन्यात गेले. तेथे त्यांना क्षयाने ग्रासले आणि १९१८ साली त्यांचे निधन झाले.

दोघांनी मिळून योजलेला मोठा ग्रंथ आता एकट्याने लिहावयाचा होता. फाउलर खचले नाहीत. १९२६ साली ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी बंधूंच्या स्मृतीस अर्पण केला. ‘बिगिन’ हा साधा शब्द असता ऐटीसाठी ‘कमेन्स’ लिहू नये, असे ते सांगत. मात्र ते नियमांचे दास नव्हते. शब्दयोगी अव्ययाने वाक्य संपवू नये, हा पंडितांचा आग्रह त्यांनी निराधार ठरविला.

२६ डिसेंबर १९३३ रोजी फाउलर यांचे निधन झाले. त्यांचा तो ग्रंथ मात्र पुढेही नव्या आवृत्त्यांच्या रूपाने निघत राहिला. अवघड शब्दाने विचार थोर होत नाही, ही त्यांची शिकवण कोणत्याही भाषेच्या विद्यार्थ्याने ध्यानी धरावी अशी आहे.