पौलाचे प्रत्युत्तर

ख्रिस्ती मनुष्यावर अन्यायाने हात उगारला गेला, तर त्याने निमूटपणे सोसावे की पोलीस ठाण्याची पायरी चढावी? दुसरा गाल पुढे करण्याची प्रभूची आज्ञा आपणा सर्वांना पाठ आहे. त्यामुळे तक्रार नोंदवणारा विश्वासात उणा, असा समज अनेक मंडळ्यांत रुजला आहे. हा समज आपण प्रेषित पौलाच्या चरित्राशी ताडून पाहावा, अशी विनंती आहे.

पौल किलिकियातील तार्सस नगरचा आणि जन्मतः रोमी नागरिक. गमलिएलाच्या चरणांशी बसून तो नियमशास्त्र शिकला. स्तेफनाला दगडमार होत असताना साक्षीदारांची वस्त्रे त्याच्याच पायांशी ठेवलेली होती. तेव्हा हिंसा म्हणजे काय, हे त्याला आतून ठाऊक होते. दिमिष्काच्या वाटेवर प्रभूने त्याला गाठले आणि पुढे त्याच नगरात त्याच्या जिवावर पाळत बसली. एका रात्री शिष्यांनी त्याला पाटीत बसवून तटावरून खाली सोडले. पळून जाणे त्याला पाप वाटले नाही. परंतु ही गोष्ट त्याने पुढे आपल्या दुर्बलतेच्या वर्णनात घातली, पराक्रमाच्या नव्हे.

जीव वाचवणे हेच त्याचे ध्येय होते, असेही नाही. लुस्त्रात दगडमार करून, मेला समजून लोकांनी त्याला नगराबाहेर ओढून टाकले, तर उठून तो त्याच नगरात परत गेला! यहूद्यांकडून ५ वेळा एक कमी चाळीस फटके आणि ३ वेळा छड्यांचा मार त्याने सोसला.

त्यांपैकी एक मार इ. स. ५० च्या सुमारास फिलिप्पै येथे बसला. हा प्रसंग मला फार विचार करावयास लावतो. रोमी नागरिकास चौकशीवाचून फटके मारण्यास कायद्याने मनाई होती; पौल व सीला दोघेही नागरिक होते. तरी त्यांनी त्या वेळी हक्क सांगितल्याचे लूक लिहीत नाही. गोंगाटात कोणी ऐकले नसेल, असे काही भाष्यकार म्हणतात. असेलही. परंतु सकाळी चोपदार सुटकेचा निरोप घेऊन आले, तेव्हा पौल हटून बसला. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपणास बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरला. पाठ तर आधीच सोलून निघाली होती. मग हा आग्रह कोणासाठी? माझ्या मते लुदिया, बंदिशाळेचा नायक आणि त्यांची घराणी यांच्यासाठी. पौल गुन्हेगार म्हणून गुपचूप घालवला गेला असता, तर तो कलंक मागे राहणाऱ्या त्या कोवळ्या मंडळीच्या माथी बसला असता. अधिकारी आले, त्यांनी विनवण्या केल्या. पौलाने ना भरपाई मागितली, ना कोणाला शिक्षा.

सुमारे ७ वर्षांनी यरुशलेमेत मात्र फटक्यांसाठी बांधले जात असतानाच त्याने शताधिपतीला आपल्या नागरिकत्वाची जाणीव दिली. त्यानंतर ४० हून अधिक माणसांनी त्याच्या वधाची शपथ वाहिली. भाच्याने ही खबर आणताच पौलाने त्याला सरदाराकडे पाठवले. आणि २०० शिपाई, ७० स्वार व २०० भालेकरी यांच्या पहाऱ्यात त्याला रातोरात नगराबाहेर काढण्यात आले. वेळ पडल्यास ते भाले चालले असते, हे पौलाला कळत नव्हते काय? सूड देवावर सोपवावा आणि अधिकारी तरवार व्यर्थ धारण करीत नाही, या दोन्ही गोष्टी त्याने रोमकरांना थोड्याच काळापूर्वी लिहिल्या होत्या. आज त्या १२ व्या आणि १३ व्या अध्यायांत विभागलेल्या दिसतात. मूळ पत्रात अध्यायच नाहीत, त्या एका दमात वाचावयाच्या आहेत.

कैसरीयात तो २ वर्षे अटकेत राहिला. सुभेदार फेलिक्स लाचेची वाट पाहत होता. पौलाने ती दिली नाही. फेस्ताने यरुशलेमेत खटला चालवण्याची गोष्ट काढताच त्याने कैसरापुढे दाद मागितली. याच पौलाने करिंथकरांना, भावाने भावाविरुद्ध न्यायालयात जाण्यापेक्षा नुकसान सोसणे बरे, असे बजावले होते. मंडळीच्या जमिनींवरून वर्षानुवर्षे तारखा घेणाऱ्या आपल्या लोकांनी हे पत्र पुन्हा उघडावयास हरकत नाही.

न्यायासनापुढे आरोपी जे उत्तर देतो, त्याला ग्रीक भाषेत अपोलोगिया म्हणतात. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध असावे, असे पेत्र लिहितो, तेथेही हाच शब्द आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल तो आणखी एकदा वापरतो: रोममध्ये पहिल्या प्रत्युत्तराच्या वेळी त्याच्या बाजूला कोणीही उभे राहिले नव्हते. त्याचा दोष त्यांच्या माथी येऊ नये, अशी त्याची इच्छा आहे. त्याच पत्रात तो त्रोवसात कार्पाकडे राहिलेला आपला झगा आणि चर्मपत्रे मागवतो, आणि तीमथ्याला हिवाळ्यापूर्वी येण्यास सांगतो.