इंग्लंडचा पुत्र, मराठीचा ओवीकार



१६१६ साली इंग्लंडमध्ये शेक्सपियरने डोळे मिटले. त्याच वर्षी गोव्यातील राशोल येथे दुसऱ्या एका इंग्रजाचा ग्रंथ छापून बाहेर पडला. तो इंग्रजीत नव्हता. मराठीत होता, ओवीबद्ध होता, आणि त्यात १०,९६२ ओव्या होत्या. त्या ग्रंथाचे नाव ‘क्रिस्तपुराण’ आणि कर्त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. हे नाव आपण शाळेत ऐकले असेल. परंतु त्यामागील जीवन किती विलक्षण होते, हे आपणांस ठाऊक आहे काय?

विल्टशर परगण्यातील बुश्टन गावी सुमारे १५४९ साली त्यांचा जन्म झाला. एलिझाबेथ राणीच्या अमदानीत कॅथलिक असणे धोक्याचे होते. थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत मित्राचा नोकर असल्याचे सोंग घेऊन स्टीफन्स काही काळ वावरले. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावयाचा, असा बेत होता. प्रस्थानापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि पुढील सुमारे ३० वर्षे त्यांनी एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. एक मित्र बंदिवासात राहिला, दुसऱ्याला सातासमुद्रापलीकडचा मळा मिळाला. देवाच्या योजनेत कोणाच्या वाट्याला काय यावे, हे आपण कसे सांगणार?

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. प्रवासाचे वर्णन करणारे जे पत्र त्यांनी पित्यास धाडले, ते पुढे हॅक्लुटच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच आणि त्याचे सोबती हे इंग्रज व्यापारी कैदी म्हणून गोव्यात आणले गेले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी स्टीफन्स यांनी खटपट केली. धर्ममताने ते व्यापारी त्यांचे विरोधक होते. तरी संकटातील देशबांधवांकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. फिच पुढे गोव्यातून निसटला, हिंदुस्थान व ब्रह्मदेश पाहून १५९१ साली लंडनला परतला, आणि त्याने आणलेली माहिती ईस्ट इंडिया कंपनी स्थापणाऱ्यांच्या उपयोगी पडली. दयेच्या एका कृत्याचा धागा इतिहासात कोठवर गेला, पाहा!

१५८३ सालीच, २५ जुलैला, साष्टीतील कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा आणि येशूसंघाचे आणखी चौघे मारले गेले. त्यांची प्रेते परत आणून पुरण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. वाचकहो, या घटनेची दुसरी बाजूही आपण विसरू नये. पोर्तुगीजांनी तेथील देवळे पाडली होती, आणि हत्येनंतर गावच्या प्रमुखांना असोळणे येथे बोलावून विश्वासघाताने ठार केले. अशा रक्ताळलेल्या भूमीत सुवार्ता कशी सांगावी? तलवारीच्या आश्रयाने की लोकांच्या जिभेवर बसलेल्या भाषेत?

स्टीफन्स यांनी उत्तर दिले ते आपल्या आयुष्याने. जवळजवळ ४० वर्षे ते गोव्यात, बहुतांशी साष्टीत राहिले. कोकणीचे व्याकरण त्यांनी लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे हिरावली गेली होती. त्या रित्या जागी काय ठेवणार, हा त्यांचा प्रश्न होता. ज्या ओवीत ज्ञानदेव व एकनाथ बोलले, त्याच ओवीत त्यांनी उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा गायिली. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणावयास ते कचरले नाहीत. आपल्या आजच्या बायबलात तो शब्द नाही. भाषांतराच्या मेजावर बसताना मला मात्र पुष्कळदा वाटते, की शब्द चुकण्याच्या भयाने आपण माणसांना तर चुकत नाही ना?

१६१९ साली गोव्यातच त्यांचा अंत झाला. क्रिस्तपुराण १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज स्वीकारावी, असा हुकूम काढला. तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. परंतु मंगळूरकडील ख्रिस्ती घरांनी हस्तलिखिते जपली आणि त्यांवरून १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध केला. पुढे लंडनमध्ये, विल्यम मार्सडेनच्या संग्रहातील एक देवनागरी हस्तलिखित जस्टिन ॲबट या मराठीप्रेमी अमेरिकन मिशनऱ्याने अभ्यासकांपुढे आणले. जे छापखान्याला राखता आले नाही, ते साध्या विश्वासणाऱ्यांच्या हातांनी राखले.

मी हे रसमड्याहून लिहीत आहे. भोवती छत्तीसगढी आणि हिंदी आहे. आमची मुले मराठी समजतात, पण वाचताना अडखळतात. म्हणून आपणांस एकच विनंती. आज रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत शास्त्रपाठ मुलांकडून मराठीत वाचवून घ्या. ते अडखळले तर थांबा, रागावू नका. तिशीच्या सुमारास परक्या किनाऱ्यावर उतरून हीच भाषा शिकणारा तो इंग्रजही प्रथम अडखळलाच असेल.