बोर्डिंगातून काढलेला विद्यार्थी

जून महिना जवळ आला की तालुक्याच्या गावी वसतिगृहांच्या कचेऱ्यांपुढे पालकांची गर्दी होऊ लागते. गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला असे कागद हातात घेऊन माणसे तासन्‌तास तिष्ठत बसतात. मुलाला येथे जागा मिळाली नाही तर त्याचे शिक्षण याच वर्षी संपणार आहे, ही गोष्ट मात्र यांपैकी कोणत्याच कागदावर लिहिलेली नसते. नेमकी हीच गोष्ट प्रवेशाची पहिली कसोटी मानणारा एक गृहस्थ महाराष्ट्रात होऊन गेला. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आज शेकडो शाळांच्या भिंतींवर आहे. परंतु ज्या संस्थेने मोठेपणी त्यांना झपाटले त्या बोर्डिंग नावाच्या संस्थेशी त्यांचा विद्यार्थिदशेतला संबंध फार सुखाचा नव्हता, याची आठवण क्वचितच ठेवली जाते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. घराणे ऐतवडे बुद्रुकचे, जैन, शेतकऱ्याचे. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत असल्यामुळे मुलाचे शिक्षण बदलीच्या गावांबरोबर फिरत राहिले आणि पुढे इंग्रजी शिकण्यासाठी त्याला कोल्हापूरला पाठविण्यात आले. तेथे राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातले गेले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये झाली.

त्या वेळचे कोल्हापूर हे वसतिगृहांचे शहर होते. शाहू छत्रपतींनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले होते. परंतु तेथे प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच प्राबल्य राहिले. एका पंगतीला बसण्याची समाजाची तयारी नाही, म्हणून शिक्षणच थांबवून ठेवायचे काय, असा तो पेच होता. महाराजांनी व्यवहारी मार्ग पत्करला. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचे व जैन विद्यार्थ्यांचे, पुढे मुसलमान, लिंगायत अशी ज्या त्या समाजाची वसतिगृहे त्यांनी उभी केली, त्यांना जागा व उत्पन्ने दिली. या धोरणाला जातिभेदाला खतपाणी म्हणून नावे ठेवणे आज सोपे आहे. पण ज्या खेड्यांतून एकही मुलगा हायस्कूलपर्यंत पोहोचत नव्हता तेथील मुले या वसतिगृहांमुळेच शहरात टिकली, हे नाकारता येत नाही. मात्र त्या व्यवस्थेची एक किंमत होती आणि ती भाऊरावांच्या वाट्याला आली.

१९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करावे, हा जैन बोर्डिंगचा दंडक त्यांनी मानला नाही. बोर्डिंगचे व्यवस्थापक अण्णासाहेब लठ्ठे हे विद्वान व सुधारक वृत्तीचे गृहस्थ. परंतु शिस्तीचा भंग त्यांना चालण्यासारखा नव्हता. भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले. आंघोळीच्या एका तांब्यावरून विद्यार्थी रस्त्यावर आला! शाहू महाराजांनी त्याला राजवाड्यात आश्रय दिला, तरी अभ्यासात गती नव्हती ती नव्हतीच. इंग्रजी सहावीच्या पुढे भाऊरावांचे शिक्षण गेले नाही. मॅट्रिकचा शिक्का त्यांच्यावर कधीच बसला नाही.

लठ्ठे आणि भाऊराव यांची गाठ पुन्हा पडली ती विलक्षण प्रसंगी. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्यांना डांबर फासण्याचा प्रकार घडला. त्यात लठ्ठ्यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आले. त्यांनी नकार दिला. अटक, कोठडी आणि मारहाण सोसली, पण ज्याने आपल्याला बोर्डिंगातून काढले त्याच्याविरुद्ध खोटे बोलण्यास ते तयार झाले नाहीत. हा छळ झाला तो शाहू छत्रपतींच्याच दरबारच्या पोलिसांकडून. असे असूनही भाऊरावांनी दहा वर्षांनी साताऱ्यात जे वसतिगृह काढले त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. एखाद्या राजवटीने केलेला अन्याय आणि त्या राजाने केलेले कार्य यांची तराजूची पारडी वेगळी ठेवण्याची ही रीत आपल्या सार्वजनिक जीवनात दुर्मीळच म्हणावी लागेल.

मधल्या काळात पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत खेडोपाडी भटकंती केली. ही भटकंती वाया गेली नाही. नांगर विकत घेण्याची ऐपत असलेला शेतकरी कोण आणि नसलेला कोण, कोणाचा हुशार मुलगा गुरे राखतो आहे, कोणत्या गावाला शाळाच नाही, हे त्यांना कोणत्याही शिक्षणाधिकाऱ्यापेक्षा अधिक कळले. दुधगावला त्यांनी सहकाऱ्यांसमवेत वसतिगृहाचा प्रयोग आधी करून पाहिला होताच. पुढे साताऱ्यातील कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत ते गुंतले. पण नफ्याचा वाटा शिक्षणाकडे वळेल ही अपेक्षा फोल ठरताच त्यांनी तो मार्ग सोडून दिला. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले या गावी सत्यशोधक परिषद भरली. त्याच गावी ४ ऑक्टोबर रोजी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यात आले आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह तेथे सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले.

या बोर्डिंगचे वैशिष्ट्य नीट समजून घेतले पाहिजे. संस्थेचे स्वतःचे हायस्कूल निघाले ते १९४० मध्ये, महाराजा सयाजीराव यांच्या नावाने. तोपर्यंतची सोळा वर्षे भाऊरावांपाशी होते ते मुख्यतः वसतिगृहच. मुले धडे घेण्यास गावातल्या शाळांत जात आणि राहण्यास, जेवण्यास व राबण्यास बोर्डिंगात येत. आजच्या शिक्षणतज्ज्ञांना हा क्रम उलटा वाटेल. परंतु शाळा गावात होतीच. नव्हता तो खेड्यातल्या गरीब मुलाला साताऱ्यात दोन वेळचा घास. शिवाय जे मोडायचे होते ते वर्गात मोडणारे नव्हते. वर्गात शेजारी बसलेली मुले घरी जाऊन आपापल्या जातीची होत. एकाच चुलीवर भाकरी भाजणाऱ्या, एकमेकांना वाढणाऱ्या आणि एकाच आडावर पाणी शेंदणाऱ्या मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुलांना मात्र परत जाण्यासाठी वेगळे घर उरत नव्हते. स्नानाच्या नियमावरून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने पंगतीचा नियमच बदलून टाकला होता.

प्रवेशासाठी गुणांची चाळणी नव्हती. फिरतीवर असताना एखादा मुलगा नजरेत भरला की भाऊराव त्याला बरोबर घेऊन येत. मुलाने कष्ट करावे एवढी अट असे: दळण, स्वयंपाक, सरपण, शेतातले काम, स्वतःचे कपडे धुणे. धान्य खेड्यांतून येई. घराघरातून मूठमूठ बाजूला काढलेल्या धान्याचा मूठफंड हा त्या वसतिगृहाचा खरा अर्थसंकल्प होता. या मार्गाने आलेल्या मुलांत पुढे बॅरिस्टर होऊन शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविणारे पी. जी. पाटील होते.

पण मूठफंड दरवेळी पुरत नसे, आणि तो पुरला नाही की बोजा लक्ष्मीबाईंवर पडे. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या स्त्रीने सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने जेवू घातले. माहेरचे व सासरचे दागिने एकेक करून धान्यापायी गेले आणि शेवटी, भाऊराव गावी नसताना, मुले उपाशी राहू नयेत म्हणून मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या वारल्या. भाऊरावांच्या चरित्रात हा प्रसंग गौरवाने सांगितला जातो. गौरव योग्यच आहे. तथापि संस्थेचे हे भांडवल कोणत्याही पावतीपुस्तकात नव्हते आणि ते देण्या-न देण्याचा निर्णय त्या बाईला मोकळेपणाने करता आला असेल काय, हा प्रश्न गौरव करणाऱ्यांपैकी फारसा कोणी विचारीत नाही. साताऱ्यात मुलींच्या वसतिगृहाला पुढे त्यांचे नाव दिले गेले. मुलग्यांच्या मानाने ते वसतिगृह उशिराच निघाले, हेही नमूद केले पाहिजे.

पुढचा विस्तार सर्वांना ठाऊक आहे. पुणे कराराच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग, १९३५ मध्ये शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज, मग गावोगावच्या व्हॉलंटरी शाळा, १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज. या कॉलेजातही बोर्डिंगचीच रीत चालू राहिली. कमवा आणि शिका या योजनेखाली विद्यार्थी शेतात व बांधकामावर राबून पदवीधर झाले. मोठ्या देणगीच्या बदल्यात कॉलेजचे नाव बदलावे अशी सूचना आली तेव्हा भाऊरावांनी ती धुडकावून लावली.

देणगीदारापुढे न वाकणारा माणूस सरकारपुढे वाकेल हे संभवत नव्हते. १९४८ च्या सुमारास त्यांच्या टीकेने दुखावलेल्या मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. गांधीजींच्या नावाने एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प नुकताच सोडलेला आणि हातात पैसा नाही, अशी ती स्थिती होती. शिक्षक तुटपुंज्या पगारावर राहिले, गाडगे महाराजांनी सरकारदरबारी शब्द टाकला आणि काही काळाने अनुदान पुन्हा सुरू झाले. सरकारी मदत घ्यावी, पण ती उद्या बंद पडली तरी चूल पेटती राहील अशी तजवीज असावी, हे भाऊरावांचे जुने धोरण या वेळी कामास आले.

१९५९ मध्ये केंद्र सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने मॅट्रिक न झालेल्या या माणसाला डी.लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. शंभरावर माध्यमिक शाळा आणि तीन महाविद्यालये तोवर उभी राहिली होती. ज्या लठ्ठ्यांनी त्यांना बोर्डिंगाबाहेर काढले होते ते दरम्यान शाहू छत्रपतींचे चरित्र लिहून, मुंबई प्रांताचे अर्थमंत्री होऊन कधीच निवर्तले होते. साताऱ्याच्या बोर्डिंगातली पंगत मात्र त्या उन्हाळ्यानंतरच्या जूनमध्येही भरली, आणि खेड्यांतून आलेली नवी मुले ताटे घासण्याच्या पाळीत उभी राहिली.