दोन थर्मामीटर, एकच आकडा

आपल्या एमआय रूममधील थर्मामीटर फॅरनहाइट मापाचा आहे. आकडा 100 च्या वर गेला की पीटी माफ होते. 98 दिसला, तर कितीही कण्हले तरी ग्राउंडवर जावेच लागते. त्या आकड्याशी कोणी वाद घालत नाही. पण 300 वर्षांपूर्वी एकाच खोलीतले दोन थर्मामीटर दोन वेगळे आकडे दाखवीत. मग खरे कोणाचे मानायचे? या प्रश्नामागे ज्याने सारे आयुष्य घातले, त्या डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइटची ही ओळख.

त्याचा जन्म 24 मे 1686 रोजी बाल्टिक समुद्राकाठच्या डान्झिग शहरात झाला. आज ते पोलंडमधील ग्दान्स्क आहे. घर व्यापाऱ्याचे होते. 14 ऑगस्ट 1701 रोजी विषारी अळंबी खाल्ल्यामुळे त्याचे आई-वडील एकाच दिवशी वारले. तेव्हा तो 15 वर्षांचा होता, म्हणजे आज मी आहे तेवढाच, आणि भावंडांत थोरला. पालकत्व घेतलेल्या मंडळींनी त्याला व्यापार शिकायला ॲमस्टरडॅमला धाडले.

तिथे त्याचे मन हिशेबाच्या वह्यांत रमले नाही. त्याला काचेच्या नळ्या आणि उपकरणे आवडू लागली. तो धंदा सोडून यांत गुंतलेला पाहून पालक चिडले. 1707 मध्ये त्याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत पूर्वेकडे पाठवण्याचे घाटत होते. पण तो गावोगाव फिरत शिकत राहिला. हुकूम पाळायला शिकवणाऱ्या शाळेत राहून मला हे सहज पटले नाही. पण पुढे त्याने स्वतःच्या कामाला जी शिस्त लावली, ती कोणत्याही पालकाच्या धाकापेक्षा कडक होती.

1708 मध्ये कोपनहेगनला त्याची भेट ओले रोमरशी झाली. प्रकाशाला वेग असतो हे दाखवणारा शास्त्रज्ञ तो हाच. थर्मामीटरवर ठरावीक तापमानाला खुणा कशा करायच्या, हे फॅरनहाइटने त्याच्याकडे पाहिले. मग त्याने स्वतःची पद्धत बसवली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणात थर्मामीटर बुडवून पारा थांबेल तिथे 0. नुसत्या बर्फ-पाण्यात 32. निरोगी माणसाच्या शरीराची ऊब 96. 32 आणि 96 मध्ये 64 घरे पडतात, आणि 64 चे निम्मे, त्याचे निम्मे असे भाग सहज करता येतात.

यातली खुबी थंडाव्यात आहे. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत बाहेरची उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते, म्हणून ढवळत राहिले तर तापमान हलत नाही. त्याहून जास्त गारवा हवा असेल तर क्षार घालायचा. उन्हाळ्यात आईस्क्रीमचा पॉट फिरवताना आपण बर्फात खडेमीठ टाकतो, ते याचसाठी. एक थंडावा स्थिर राहण्यासाठी, दुसरा खोल जाण्यासाठी. दोन्ही त्याने कामाला लावले.

1714 च्या सुमारास त्याने बनवलेले दोन थर्मामीटर जर्मनीतील हाले येथील प्राध्यापक ख्रिस्टियान वोल्फ यांनी तपासले. दोघांचे आकडे जुळले. त्या काळी ही नवलाची गोष्ट होती. त्यानंतर त्याने मद्यार्काऐवजी पारा वापरायला सुरुवात केली.

1721 मध्ये त्याला आणखी एक गोष्ट दिसली. हवा काढून बंद केलेल्या काचेच्या गोळ्यातले पाणी 32 च्या बरेच खाली जाऊनही गोठले नव्हते. गोळ्याचे टोक मोडताच आत भराभर बर्फ झाला, आणि पारा पुन्हा 32 कडे चढला. म्हणजे पाणी गार झाले एवढ्यावर विसंबून खूण करता येत नाही. बर्फ आणि पाणी दोन्ही समोर हवे. 1724 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचे लेख छापले आणि त्याला सदस्य करून घेतले.

16 सप्टेंबर 1736 रोजी हेग येथे वयाच्या 50 व्या वर्षी तो वारला. त्याच्या मागून उकळत्या पाण्याची खूण 212 वर पक्की केली गेली. त्यामुळे शरीराचा आकडा 96 वरून 98.6 झाला. आज प्रयोगशाळेत थर्मामीटर तपासायला कॅलिब्रेशन बाथ असतो. फार खाली जायचे असेल तर त्याचा कॉम्प्रेसर जोरात चालवतात. ठरलेले तापमान जवळ आले की थंडावा कमी करून हीटरने नेमके जुळवतात, आणि पंखा द्रव ढवळत राहतो. बर्फाची जागा यंत्राने घेतली. पण उपकरणावर विश्वास टाकण्याआधी ते ठाऊक असलेल्या थंडीत बुडवून पाहायचे, हा नियम त्या 15 वर्षांच्या पोरक्या मुलाने मोठेपणी घालून दिला तसाच चालू आहे.