पाळक ओबरलिन व डोंगरांतील रस्ता

पावसाळ्यांत ओढा भरला म्हणजे गांव कसें अडून पडतें, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. म्हणून फ्रान्स देशाच्या पूर्वेकडील व्होज डोंगरांतल्या एका पाळकाचें चरित्र आम्ही येथें सांगतों.

योहान फ्रीद्रिख ओबरलिन यांचा जन्म १७४० सालीं स्ट्रासबुर्ग शहरीं झाला. १७६७ सालीं ते वाल्डरस्बाख येथील मंडळीचे पाळक झाले. ती दरी जगापासून तुटलेली होती. जमीन खडकाळ, पीक थोडें आणि गाडीरस्ता मुळींच नाहीं. पूर्वींचे पाळक स्टूबर यांनीं मात्र शाळांचें काम नेटानें आरंभिलें होतें.

ओबरलिन यांनीं रस्ता बांधण्याची गोष्ट काढितांच, हें होणें नाहीं असें लोकांनीं सांगितलें. तेव्हां ते स्वतः कुदळ खांद्यावर घेऊन निघाले व खडक फोडूं लागले. पाळक घाम गाळीत आहेत हें पाहून एकेक गांवकरी येऊन मिळाला. दरडीस भिंती घातल्या, ब्रुश नदीवर पूल झाला, आणि स्ट्रासबुर्गची वाट मोकळी झाली.

फळझाडांविषयीं त्यांनीं उपदेश केला नाहीं. पायवाटेलगतच्या आपल्या शेतांत त्यांनीं झाडें लाविलीं. जाणारे-येणारे तीं रोज पाहत. झाडें फोंफावलीं तेव्हां लोक आपण होऊन विचारावयास आले. बटाट्याचें बीं खालावलें होतें, म्हणून त्यांनीं नवें आणविलें. गांवचीं मुलें शहरीं पाठवून त्यांस सुतार, गवंडी व लोहार यांचीं कामें शिकविलीं. गरजूंस उसने पैसे मिळावे म्हणून एक फंडही काढिला.

आईबाप शेतांत असतां लहान मुलें उनाड फिरत. सारा बांझे नांवाची एक गांवची मुलगी त्यांस विणकाम शिकवीत असे. ओबरलिन यांनीं तिच्या कामास हातभार लाविला, व त्यांतूनच बालशाळा निघाल्या. पुढें त्यांच्या घरीं चाकरीस असलेल्या लुईझा शेपलर हिनें तें काम आयुष्यभर चालविलें. १८२९ सालीं फ्रेंच अकादमीनें तिचा पारितोषिक देऊन गौरव केला.

ओबरलिन १८२६ सालीं, १ जून रोजीं वारले. त्याच दरींत एकूणसाठ वर्षें सेवा करून ते फूदे येथील मातींत विसावले.

नव्या गोष्टीचें भय गरिबास वाटतें, कारण ती फसली तर त्याची भाकर जाते. ओबरलिन यांनीं तो धोका आधीं आपल्या शेतावर व आपल्या हातांवर घेतला. गांवांत सुधारणा व्हावी असें वाटणाऱ्या उपदेशक बंधूंनीं पहिली कुदळ कोणी मारावयाची याचा विचार करावा, इतकीच आमची विनंती आहे.