पडद्यावरचा ठिपका कोणाचा? सर रॉबर्ट वॉटसन-वॉट यांचे जीवन

स्कॉटलंडमधील ब्रेकिन या लहानशा गावी १३ एप्रिल १८९२ रोजी एका सुताराच्या घरी जन्मलेल्या रॉबर्ट वॉटसन-वॉट यांची ओळख आपल्याकडे ‘रडारचे जनक’ एवढ्या दोन शब्दांत आटोपली जाते. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. दूरचे विमान दिसणे हा त्यांच्या कार्याचा पूर्वार्ध. दिसलेले विमान कोणाचे, हे ओळखणे हा उत्तरार्ध. इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरच्या वैमानिकाला आज आपल्या छोट्याशा बॅटरीवर नेमके कोणते उपकरण चालवावे असा जो प्रश्न पडतो, त्याचे मूळ या उत्तरार्धात आहे.

वाफेच्या इंजिनामुळे विख्यात झालेल्या जेम्स वॉट यांच्या कुळाशी आपले नाते असल्याचे ते अभिमानाने सांगत. शिक्षण मात्र शिष्यवृत्तीच्या बळावर झाले. डंडी येथील महाविद्यालयातून १९१२ साली त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि तेथेच प्राध्यापक विल्यम पेडी यांनी त्यांना रेडिओ लहरींच्या अभ्यासाची गोडी लावली. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर, १९१५ मध्ये, ते हवामान खात्यात रुजू झाले. तेव्हाची विमाने लाकडाची आणि कापडाची. गडगडाटी वादळात सापडलेल्या वैमानिकाची खैर नसे. वीज चमकते तेव्हा रेडिओ लहरीही बाहेर पडतात. त्या कोणत्या दिशेने आल्या हे कळले तर वादळाचा ठाव लागेल आणि वैमानिकाला आधीच सावध करता येईल, हा त्यांचा विचार होता. अडचण अशी की हा संकेत क्षणार्धात विरून जाई. वळवता येणारा अँटेना त्या दिशेला फिरवेपर्यंत हाती काहीच उरत नसे. अखेर १९२३ च्या सुमारास कॅथोड किरण नळी त्यांच्या हाती आली आणि विजेची दिशा पडद्यावर रेषेच्या रूपात उमटू लागली. पुढे स्लाऊजवळच्या रेडिओ संशोधन केंद्राची सूत्रे त्यांच्याकडे आली. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला आज जगभर वापरले जाणारे ‘आयनोस्फियर’ हे नावही त्यांनीच १९२६ मध्ये सुचवले.

रडारची कथा १९३५ मध्ये अचानक सुरू झाली असे सांगण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात आकाशातील धोका रेडिओने टिपून वैमानिकाला वाचवण्याचे काम ते तेव्हा वीस वर्षे करत होते.

जानेवारी १९३५ मध्ये ब्रिटिश हवाई मंत्रालयातील हॅरी विम्परिस यांनी त्यांना एक विचित्र प्रश्न विचारला. रेडिओ लहरींचा झोत सोडून शत्रूचा वैमानिक मारता येईल काय? ‘मृत्युकिरणां’च्या वावड्या त्या काळी वर्तमानपत्रांतून उठतच होत्या. वॉटसन-वॉट यांनी आपले सहायक आर्नोल्ड विल्किन्स यांना एक साधे गणित घातले. काही अंतरावर ठेवलेल्या सुमारे साडेचार लिटर पाण्याचे तापमान ३७ अंशांवरून साडेचाळीसपर्यंत नेण्यास किती शक्तीचा प्रक्षेपक लागेल? कशासाठी, ते सांगितले नव्हते. माणसाच्या अंगात साधारण तेवढेच रक्त असते, हे चाणाक्ष विल्किन्स यांनी ताबडतोब ओळखले. गणित करून त्यांनी निर्वाळा दिला की हे अशक्य आहे. मग दुसरे काय करता येईल, असे विचारल्यावर त्यांना टपाल खात्याच्या अभियंत्यांचा अनुभव आठवला. जवळून विमान गेले की त्यांच्या रेडिओ संकेतात खळबळ होत असे. म्हणजे विमानावर आदळून लहरी परत येत होत्या. या धाग्यावरून १२ फेब्रुवारी १९३५ चे ते सुप्रसिद्ध टिपण तयार झाले. श्रेयाच्या वाटणीत विल्किन्स यांचे नाव पुढे जवळजवळ पुसले गेले, हे नोंदवलेच पाहिजे. स्वतःविषयी बोलण्याचा वॉटसन-वॉट यांना कंटाळा नव्हता.

हवाई दलाचे अधिकारी ह्यू डाउडिंग यांनी पैसा देण्यापूर्वी प्रत्यक्ष पुरावा मागितला. २६ फेब्रुवारी रोजी डॅव्हेंट्री येथील बीबीसीच्या लघुलहरी प्रक्षेपकाजवळच्या एका शेतात गाडी उभी करून, त्यात ग्राहक यंत्र ठेवून, हेफर्ड जातीच्या दुपंखी बॉम्बफेकी विमानाला वरून ये-जा करायला लावण्यात आले. पडद्यावरचा ठिपका लांबू-आखडू लागला. सुमारे १३ किलोमीटरपर्यंत विमानाचा माग लागला. निधी मिळाला, किनाऱ्यावर ऑर्फर्डनेस आणि नंतर बॉड्सी येथे काम सुरू झाले आणि युद्धाला तोंड फुटेपर्यंत इंग्लंडच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर शंभर मीटरहून उंच पोलादी मनोऱ्यांची साखळी उभी राहिली.

ही यंत्रणा देखणी नव्हती. जर्मनांची यंत्रे घाटाने आणि अचूकतेने सरस होती. वॉटसन-वॉट यांचे मत असे की सर्वोत्तम साधन कधी तयारच होत नाही आणि त्याखालचे तयार होते तेव्हा वेळ टळलेली असते. म्हणून तिसऱ्या प्रतीचे जे आज मिळेल ते उणिवांसह स्वीकारून कामाला लागावे. अभियंत्याच्या तोंडी हा विचार विसंगत वाटेल. पण १९४० चा उन्हाळा त्यांची वाट पाहत थांबणार नव्हता.

त्या उणिवांपैकी एक उणीव मात्र जीवघेणी होती. पडद्यावर ठिपका दिसे, पण आपला की परका हे कळत नसे. वॉटसन-वॉट यांना हे आरंभापासून ठाऊक होते. विमानाच्या अंगावर विशिष्ट लांबीची तार बसवून परतणारा प्रतिध्वनी ठरावीक लयीत कमी-जास्त करावा, म्हणजे आपले विमान ओळखू येईल, अशी कल्पना त्यांनी १९३५ मध्येच मांडली होती. ती पुरेशी यशस्वी ठरली नाही. ६ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध घोषित होऊन तिसऱ्याच दिवशी, पहाटे चुकीचा इशारा झाला आणि इंग्लंडमधील एसेक्स परगण्यावर हरिकेन विमाने झेपावली. पाठीमागून येणारे विमान आणि समोरून येणारे विमान यांत किनाऱ्यावरच्या यंत्राची गल्लत झाली असावी, असे मानले जाते. आपलीच विमाने शत्रूची वाटली, त्यांच्यावर आणखी विमाने सोडली गेली, तीही पडद्यावर शत्रू म्हणूनच वाढली. शेवटी स्पिटफायरनी दोन हरिकेन पाडली. एक तरुण वैमानिक प्राणास मुकला. शत्रूचे एकही विमान त्या आकाशात नव्हते.

यानंतर ओळख देणाऱ्या यंत्राच्या कामाला वेग आला. नवे यंत्र रडारची लहर पोहोचताच जागे होई आणि स्वतःची लहर परत पाठवी. पडद्यावरचा ठिपका त्यामुळे वेगळा उठून दिसे. पहिल्या आवृत्तीत वैमानिकाला उड्डाण सांभाळतानाच एक बटण सतत जुळवावे लागे. पुढे फ्रेडी विल्यम्स यांच्या सूचनेवरून या प्रश्नोत्तरासाठी स्वतंत्र लहरपट्टा ठरला आणि यंत्र भरवशाचे झाले. आजचा ट्रान्सपॉन्डर तो याच घराण्यातला. जमिनीवरचे रडार १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारते, विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपला चार आकडी संकेत आणि उंची कळवते. दाबोळीच्या एकाच धावपट्टीवर नौदलाची आणि प्रवाशांची विमाने उतरतात, तेव्हा कोणते कुठले हा प्रश्न गोमंतकीयांना परका वाटू नये.

विमान दिसूनही उंची न कळल्याने काय घडते, हे भारताने १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरी येथे पाहिले. दिल्लीच्या रडारवर दोन्ही विमाने होती. उंची दाखवण्याची सोय नव्हती. एक विमान नेमून दिलेल्या पातळीखाली उतरले ते नियंत्रकाला दिसले नाही. ३४९ जण गेले. त्यानंतर टक्कर टाळणारे उपकरण विमानांत सक्तीचे करण्यात आले.

ग्लायडरचा संबंधही वॉटसन-वॉट यांच्या हयातीतच आला होता. मे १९४० मध्ये जर्मन सैनिक ग्लायडरमधून बेल्जियमच्या एबेन-एमाएल किल्ल्यावर निःशब्द उतरले आणि इंग्लंडला धास्ती पडली. लाकडाचे, इंजिन नसलेले हे विमान रडारला दिसेल काय? इंग्लिश खाडीवर ग्लायडर ओढत नेऊन सोडण्यात आले आणि किनाऱ्याकडे परतताना यंत्रे त्यांचा शोध घेत राहिली. लाकडी असले तरी ते अगदीच अदृश्य राहत नाहीत, असे आढळले.

आजचा ग्लायडर फायबरचा, निमुळता आणि पांढरा. समोरून येताना डोळ्यांनाही तो उशिरा दिसतो. त्यात ट्रान्सपॉन्डर असला तर प्रवासी विमानातील उपकरण त्याला ओळखते, म्हणून विमानतळाच्या आसपास तोच उपयोगी. पण डोंगरांच्या आडोशाला रडारचा प्रश्नच पोहोचत नाही. शिवाय ग्लायडरला खरा धोका असतो तो दुसऱ्या ग्लायडरचा. वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या एकाच झोतात पाच-सहा जण घिरट्या घालत असतात, आणि प्रवासी विमानाचे उपकरण तेथे लावले तर ते सतत कोकलतच राहील. यावर स्वित्झर्लंडमधील ग्लायडर वैमानिकांनी २००४ साली ‘फ्लार्म’ काढले. ते उपग्रहावरून स्वतःचे स्थान घेते, पुढच्या काही सेकंदांचा मार्ग मांडते, अल्पशक्तीच्या रेडिओवर शेजाऱ्यांना कळवते आणि खरोखर टक्कर संभवत असेल तेव्हाच इशारा देते. उणीव एवढीच की पलीकडच्याकडेही तेच यंत्र हवे. नव्या संचांना आसपासच्या ट्रान्सपॉन्डरची उत्तरेही ऐकू येतात, परंतु साध्या ट्रान्सपॉन्डरचे केवळ अंदाजे अंतर कळते, दिशा नव्हे.

आणि हे सारे एका लहानशा बॅटरीवर. २८ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्यात एक छोटे जेट विमान ग्लायडरवर आदळले. ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर होता. बॅटरी पुरावी म्हणून तो बंद ठेवला होता. वैमानिक पॅराशूटने उतरला, जेटही कसेबसे धावपट्टीवर आले, कोणी दगावले नाही. प्रस्तुत लेखकाला वाटते की खरेदीच्या वेळी आधी उड्डाणाचा प्रदेश आणि बॅटरीचे तास मोजावेत, यंत्राची गुणसूची नंतर वाचावी. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग केंद्र आहे आणि लोहगावचा विमानतळ तेथून फार दूर नाही. तेथील निवड आल्प्सच्या दरीतल्यासारखी असणार नाही. वॉटसन-वॉट यांनी कदाचित आजच्या आज बसवता येईल आणि पूर्ण उड्डाणभर सुरू ठेवता येईल, तेच निवडायला सांगितले असते.

त्यांना १९४२ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली आणि तेव्हाच त्यांनी आपल्या नावात ‘वॉटसन’ व ‘वॉट’ यांमध्ये जोडरेघ घातली. त्याआधी, पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, अमेरिकेला जाऊन तेथील हवाई संरक्षणावर त्यांनी कठोर शब्दांत अहवाल दिला होता. युद्धानंतर सुमारे ५० हजार पौंडांचे पारितोषिक मिळाले, त्यावरून सहकाऱ्यांत नाराजीही झाली. पहिली पत्नी मार्गारेट हिच्याशी १९१६ पासूनचा संसार १९५२ मध्ये मोडला. ते कॅनडाला गेले, दुसरा विवाह केला. तेथे एकदा वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल पोलिसांनी त्यांची गाडी अडवली, ती रडारच्याच यंत्राने पकडून. दंड भरून त्यांनी स्वतःवरच एक विनोदी कविता लिहिली.

दुसऱ्या पत्नीच्या निधनानंतर ते स्कॉटलंडला परतले आणि १९६६ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कॅथरीन ट्रेफ्युसिस फोर्ब्स यांच्याशी विवाहबद्ध झाले. युद्धकाळात ज्या महिला दलातील मुली रडारच्या पडद्यासमोर बसून ठिपके मोजत, त्या दलाच्या त्या पहिल्या प्रमुख. त्या १९७१ मध्ये गेल्या. ५ डिसेंबर १९७३ रोजी इन्व्हर्नेस येथे वॉटसन-वॉट यांचे निधन झाले आणि पिटलॉक्री येथील चर्चच्या आवारात पत्नीशेजारी त्यांना पुरण्यात आले. ब्रेकिनमध्ये २०१४ साली त्यांचा पुतळा उभारला गेला. एका हातात रडारचा मनोरा आणि दुसऱ्या हातात स्पिटफायर विमान.