लाल बावट्याचा शाहीर, चिरागनगरचा लेखक

मराठी लोककलेच्या इतिहासात 'लाल बावटा कलापथका'चे आयुष्य तसे अल्पच ठरले. परंतु त्याने उठवलेला आवाज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत पोहोचला. या पथकाचे एक संस्थापक म्हणजे लोकशाहीर अण्णा भाऊ साठे.

१ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग समाजात अण्णा भाऊंचा जन्म झाला. मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. बालपणीच पोटासाठी कुटुंबाबरोबर पायी मुंबई गाठली. हमाली, गिरणीत झाडूवाल्याचे काम, मिळेल ती मजुरी त्यांनी केली. रस्त्यावरच्या पाट्या आणि चित्रपटांची भित्तिपत्रके वाचत अक्षरओळख करून घेतली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात ते कम्युनिस्ट चळवळीकडे ओढले गेले. तेथील डासांवर रचलेले गीत ही त्यांच्या सुरुवातीच्या रचनांपैकी एक. १९४३ मधील 'स्टालिनग्राडचा पोवाडा' या रचनेने त्यांचे नाव कामगारवस्त्यांत गाजू लागले.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ, शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा पहाडी आवाज हे या पथकाचे मोठे बळ होते. अण्णा भाऊंनी तमाशाचा परंपरागत ढाचा बदलला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन आले, गौळणीला फाटा मिळाला आणि वगात राजाऐवजी सावकार, शेटजी व कामगार उभे राहिले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' ही वगनाट्ये कामगारांनी डोक्यावर घेतली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी घातली. अण्णा भाऊंनी तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले आणि प्रयोग चालू राहिले. तथापि पथकाची जुनी एकसंधता पुढे टिकली नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मात्र या तिघांचेही डफ कडाडले. गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकुळ झालेल्या कामगाराचा विरह आणि मुंबई, बेळगाव, कारवारसाठी तळमळणाऱ्या महाराष्ट्राचे दुःख अण्णा भाऊंनी 'माझी मैना' या छक्कडीत एकत्र गुंफले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. बेळगाव-कारवार मात्र बाहेरच राहिले.

अमर शेख यांनी पुढे 'कलश' आणि 'धरतीमाता' हे काव्यसंग्रह दिले, 'प्रपंच' चित्रपटात भूमिका केली. अण्णा भाऊ कथा-कादंबरीकडे वळले. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतील खोलीत त्यांनी विपुल लेखन केले. ब्रिटिशांविरुद्ध बंड करणाऱ्या मातंग वीराची 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांनी सोव्हिएत रशियाचा प्रवास केला. तीसहून अधिक कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत; 'वैजयंता', 'वारणेचा वाघ' यांसारख्या कादंबऱ्यांवर चित्रपटही निघाले.

एवढी कीर्ती मिळूनही दारिद्र्याने त्यांची पाठ सोडली नाही. अखेरच्या काळात गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांना शासकीय घरकुल मिळाले. पण तोवर प्रकृती ढासळली होती. १८ जुलै १९६९ रोजी तेथेच, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट रोजी, अमर शेख यांचा अपघाती मृत्यू झाला. एका वर्षात मराठी शाहिरीचे दोन खंदे आवाज निमाले.

२००२ मध्ये टपाल खात्याने अण्णा भाऊंवर तिकीट काढले, तर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हे सन्मान उशिराचे असले, तरी त्यांच्या शब्दांना त्यांची वाट पाहावी लागली नाही. झोपडपट्टीतील माणूस हा दयेचा विषय नसून साहित्याचा नायक आहे, हे अण्णा भाऊंनी हयातीतच मराठी वाचकाला पटवून दिले होते.